आकाशगंगेचे केंद्र व गॅमा किरण दूरदर्शक

आकाशगंगेचे केंद्र धनू राशीच्या दिशेस सुमारे २६,००० प्रकाशवर्षे अंतरावर असून धुळीच्या दाट पटलामुळे दृश्य प्रकाशात ते दिसत नाही. गॅमा किरण ही धूळ भेदून येतात. परंतु पृथ्वीचे वातावरण त्यांना शोषून घेते. म्हणून फुगे वा उपग्रह यांतूनच त्यांचे थेट निरीक्षण करावे लागते. नेहमीच्या भिंगांनी वा आरशांनी हे किरण एकत्र आणता येत नाहीत. त्यामुळे अशा उपकरणास दूरदर्शक म्हणणे काहीसे सैलपणाचेच आहे.

अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९७० व १९७१ मध्ये अर्जेंटिनातून सोडलेल्या फुग्यांतील उपकरणांना केंद्राच्या दिशेने सुमारे ४७५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेची एक वर्णरेषा आढळली. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचा परस्परनाश झाल्यास ती ५११ वर असावयास हवी होती. हे दोन कण नाशापूर्वी पॉझिट्रोनियम हा अल्पायुषी अणू बनवतात व त्याच्या नाशात बहुधा तीन फोटॉन निघून ऊर्जा विभागली जाते, असे स्पष्टीकरण १९७३ मध्ये मार्व्हिन लेव्हेंथॉल यांनी दिले. सोडियम आयोडाइड स्फटिकाच्या उपकरणाला हा अखंड वर्णपट व रेषा वेगळी दाखविता येत नव्हती. ऑस्ट्रेलियातून १९७७ साली सोडलेल्या जर्मेनियम उपकरणाने रेषा ५११ वरच असल्याचे दाखविले आणि वाद मिटला.

लगेच दुसरा वाद उद्‌भवला. एचईएओ–३ उपग्रहाच्या निरीक्षणांवरून १९७९–८० मध्ये सहा महिन्यांतच रेषेची तीव्रता घटल्याचे जाहीर झाले. तसे असेल, तर उगम एखाद्या लहान वस्तूत, कदाचित कृष्णविवराजवळ, असला पाहिजे. परंतु १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेला प्रारण स्थिर आढळले. कमी संकेत व प्रचंड पार्श्वभूमी असताना घाईने काढलेले निष्कर्ष किती निसरडे असतात, हे येथे दिसले.

इंटिग्रल या यूरोपीय उपग्रहाच्या (१७ ऑक्टोबर २००२) वर्णपटमापकाची रचना या अनुभवातूनच समजते. त्यात जर्मेनियमाचे १९ षट्‌कोनी स्फटिक सुमारे −१९० °से. तापमानापर्यंत थंड ठेवलेले असत. त्यांच्यापासून १.७ मी. अंतरावर टंगस्टनाच्या ३ सेंमी. जाड तुकड्यांचा मुखवटा होता. त्याच्या पडलेल्या छायेवरून किरणांची दिशा गणिताने काढीत. मात्र दोन–अडीच अंशांहून सूक्ष्म तपशील मिळत नसे. विश्वकिरणांमुळे उपग्रहाच्या धातूतूनच गॅमा किरण निघत. ते ओळखून वगळण्यासाठी भोवती बिस्मथ जर्मेनेटाचे कवच होते. विश्वकिरणांनी स्फटिकांची जालकरचना बिघडत असल्याने ते ठराविक काळाने सुमारे १०० °से.पर्यंत तापवून पूर्ववत करावे लागत. तरीही चार स्फटिक निकामी झाले.

या उपकरणाने दाखविले की, ५११ ची रेषा मुख्यतः आकाशगंगेच्या मध्य फुगवट्यातून येते. तेथे दर सेकंदाला सुमारे १०<sup>४३</sup> पॉझिट्रॉन नाश पावतात. ते किरणोत्सर्गी मूलद्रव्यांतून, क्ष-किरण तारकायुग्मांतून की अदृश्य द्रव्यातून उद्‌भवतात, हे ठरलेले नाही. इंटिग्रलची निरीक्षणे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी थांबली. आता मुखवट्याऐवजी किरणांच्या कॉम्प्टन विकिरणावरून दिशा काढणारा कोसी हा अमेरिकी उपग्रह योजिला आहे.