रुमालाखालचा सौदा

मोबाइलवरून कुणाला गंडा बसला की पहिलं बोट फसलेल्याकडेच वळतं: ओटीपी सांगितलाच कसा? वऱ्हाडच्या कापूस-बाजाराचा इतिहास पाहिला, की हा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातो असं माझं ठाम मत बनतं. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे धावू लागली. मुंबईचा भाव तारेनं पेढीवर पोचायचा. रात्रभर बंडी हाकून आलेल्या कास्तकाराला तो कळायचा पेढीवाल्याच्याच तोंडून. हा कास्तकार अडाणी नव्हता. बोंड हातात घेतलं की त्याला कापसाची जात कळे. मात्र भाव ठरवणारी नवी यंत्रणा सगळी समोरच्याच्या हातात होती.

त्या काळी देशातल्या अनेक बाजारांत सौदा रुमालाखाली होई. दलाल आणि खरेदीदार कापडाखाली हात घालत, बोटं दाबून आकडा सांगत. मालाचा धनी शेजारीच उभा असे, पण आपल्याच मालाची बोली त्याला ना दिसे, ना ऐकू येई. वर अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय यांची कपात वेगळीच. यावर वऱ्हाडात काय केलं गेलं? ‘शहाणे व्हा’ एवढं सांगून कुणी थांबलं नाही, बाजाराची रीतच बदलायला घेतली. आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजात १८८६ मध्ये हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हुकमानं देशातला पहिला नियंत्रित कापूस-बाजार उभा राहिला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. नेमलेल्या आवारात खरेदी, दलाल-मापाऱ्यांना परवाना आणि देखरेखीला समिती, अशी व्यवस्था त्यातून आली.

कायद्यानं लूट संपली का, असं कुणी विचारेल. नाही संपली. समितीत व्यापाऱ्यांचाच भरणा होता, शेतकऱ्याला हक्काची जागा नव्हती. ती उणीव भरून काढायचा प्रयत्न पुढे मुंबई इलाख्याच्या १९२७ च्या कायद्यानं केला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तेव्हाचा दलाल ओळखीचा होता, आजचा ठग दिसतही नाही. खरं आहे. पण रुमाल तोच आहे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर डांबणारा सगळ्यात आधी बजावतो, की घरात कुणाला सांगू नका. या जाळ्यात शिकलेसवरलेलेही अडकले आहेत, तेव्हा दोष नुसत्या निरक्षरतेवर ढकलता येत नाही. तरीही रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार ग्राहकानं स्वतःच पिन किंवा पासवर्ड सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्याच माथी टाकलं गेलं. पहिल्यांदा स्मार्टफोन हाती घेतलेल्या म्हाताऱ्यालाही हाच नियम लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या खात्यातून मोठी रक्कम जात असेल, तर बँकेनं ती थोडी थांबवून खात्री करून घ्यावी.

तोवर रुमाल आपणच उचलायचा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे घरातल्या थोरांना एकदा समोर बसून करून दाखवा. फोनवरचा माणूस ‘कुणाला सांगू नका’ म्हणाला, की फोन ठेवून आधी घरात सांगायचं, हेही ठरवून टाका. पैसे गेलेच, तर लाजेनं गप्प बसू देऊ नका. त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लावा.