परदेशी मोडेम व राउटर

परदेशी मोडेम व राउटर : एका देशात घेतलेला ब्रॉडबँडचा मोडेम, राउटर किंवा दोन्ही कामे करणारी एकच पेटी दुसऱ्या देशात वापरणे. महाराष्ट्रात हा प्रश्न बहुधा बॅगेतून येतो. अमेरिकेत किंवा जर्मनीत नोकरीला असलेला मुलगा तिकडचे घर बदलतो, चांगला चालणारा राउटर टाकून द्यायला जीव होत नाही, आणि सुट्टीला येताना तो कपड्यांत गुंडाळून गावी आणतो. ती पेटी इथे चालेल की नाही, हे घरात बाहेरून येणारी तार ठरवते. पेटीवरचे कंपनीचे नाव त्यात फारसे कामाचे नाही.

बोलण्यात आपण सगळ्यालाच ‘राउटर’ म्हणतो किंवा नुसते ‘वायफाय’, आणि घोळ तिथेच होतो. मोडेम बाहेरच्या तारेवरचा संदेश उलगडतो. ती तार तांब्याची, केबलची की फायबरची, यावर तो अवलंबून. राउटर त्यापुढे घरातल्या फोन-लॅपटॉपमध्ये वाटप करतो. राउटरच्या मागची चौकोनी इथरनेटची खोबण जगभर सारखी आहे. म्हणून नुसता राउटर कुठेही जाऊ शकतो, मोडेम मात्र ज्या लाइनसाठी बनला तिथलाच राहतो.

वीज : पहिला बळी जातो तो अडॅप्टरचा. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ असे लिहिलेले असते. तिथे १००–२४० व्होल्ट असेल तर फक्त पिन बदलणारा जोड लागतो, कारण अमेरिकी पिना चपट्या आणि आपल्या गोल. नुसता १२० लिहिला असेल तर तो आपल्या बोर्डात घालू नये. असे जुने अडॅप्टर हातात जड लागतात, आत तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि दुप्पट दाबाने तो काही वेळात जळतो. पेटी मात्र बहुधा वाचते; ती १२ किंवा ९ व्होल्ट डीसीवर चालते, तेवढ्याच व्होल्टचा, पुरेशा अँपिअरचा आणि टोकाचे धन-ऋण जुळणारा अडॅप्टर इथल्या दुकानातही मिळतो. १००–२४० वाल्या हलक्या अडॅप्टरचा खेड्यात एक वेगळाच फायदा आहे : संध्याकाळी व्होल्टेज पडून ट्यूबलाइट फडफडू लागली तरी तो मुकाट चालत राहतो.

वायफाय : भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये. त्यामुळे अमेरिकी राउटर या दोन पट्ट्यांत सहसा बिनतक्रार चालतो. अडचण आली तर उलट्या दिशेने येते. अमेरिकेत २.४ गिगाहर्ट्झवर १ ते ११ ही चॅनेल वापरतात, भारतात आणि युरोपात १३ पर्यंत. घरच्या राउटरने आपोआप १२ किंवा १३ निवडले, की सगळ्यांच्या फोनवर वायफाय दिसते आणि पाहुण्याच्या तिकडून आणलेल्या लॅपटॉपवर त्याचे नावच येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल ६ केले की काम होते. युरोपात या पट्ट्यावर १०० मिलिवॅटचीच मर्यादा आहे, भारतात ४ वॅटपर्यंत मुभा आहे. म्हणून जर्मनीहून आणलेली पेटी दगडी भिंतींच्या घरात थोडी दुबळी वाटू शकते. सहा गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये १,२०० मेगाहर्ट्झ रुंदीचा खुला केला. भारताने मे २०२५ मध्ये मसुदा काढला तो त्यातल्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झपुरता. तिकडची महागडी तीन पट्ट्यांची पेटी घेण्याआधी एवढे ध्यानात असू द्यावे.

लाइन : बीएसएनएलने जानेवारी २००५ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा २५६ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणत. त्या काळी परदेशी एडीएसएल मोडेम (टेलिफोनच्या तारेवर चालणारा) आणणाऱ्यांची परीक्षा मोडेमच्या सेटिंगमधल्या दोन आकड्यांत होई. बीएसएनएलसाठी ० आणि ३५ भरायचे, ब्रिटनमध्ये ० आणि ३८. आकडे बदलले की ब्रिटनचा मोडेम इथे जोडला जाई, कारण दोन्हीकडे साध्या टेलिफोनच्या तारेवरचा ‘अनेक्स ए’ प्रकार होता. जर्मनीतला ‘अनेक्स बी’ आयएसडीएनच्या तारेसाठी बनलेला, तो आकडे बदलूनही इथे जुळत नसे.

आता तांबे मागे पडले आहे. फायबरच्या टोकाला जी पेटी लागते तिला ओएनटी म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती जीपॉन पद्धतीची असते : १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर माहिती घरात येते, १३१० वर बाहेर जाते. हे प्रमाण आंतरराष्ट्रीय आहे, तरीही परदेशी ओएनटी लावून भागत नाही, कारण पेटीचा अनुक्रमांक कंपनीच्या केंद्रात नोंदवलेला असावा लागतो. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचे उपकरण निवडण्याचा कायदेशीर हक्क आहे. आपल्याकडे ओएनटी फायबरवाल्याचा आणि त्याच्या मागे लावलेला राउटर आपला, ही वाटणी सोयीची आहे. परदेशी पेटीला ‘एपी मोड’मध्ये, म्हणजे नुसते वायफाय पसरवण्याच्या कामाला, टाकून ओएनटीच्या लॅन खोबणीतून तार दिली की बहुतेक घरांचे काम भागते.

तळेघर परिसर : जिथे फायबर सहज पोहोचत नाही अशा डोंगरी भागाचे उदाहरण म्हणून तळेघर घेऊ. ते आंबेगाव तालुक्यात मंचर–घोडेगाव–भीमाशंकर रस्त्यावर, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. भात आणि हिरडा ही इथली पिके-उत्पन्ने. पावसाळ्यात डोंगर, झाडी आणि खंडित वीज हे तिन्ही संपर्काच्या आड येतात. याच पट्ट्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळली, तेव्हा बाहेरच्यांना पहिली कुणकुण लागली ती गाव जागेवर न दिसल्याने थबकलेल्या एसटीच्या चालकाकडून.

अशा ठिकाणी फायबर नसेल तर सिम घालून चालणाऱ्या राउटरचा आधार असतो, आणि इथे परदेशी माल सर्वांत जास्त फसवतो. जिओची फोरजी सेवा ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालते, बीएसएनएल ७०० आणि २१०० वापरते. अमेरिकी पेटीवरही ७०० लिहिलेले असते, पण तिथले तुकडे बँड १२, १३ आणि १७ चे, इथला बँड २८ चा. आकडा एक असला तरी रेंज येत नाही. बँड ५ म्हणजे ८५० दोन्हीकडे आहे, त्यावर एखादी पेटी रखडत चालते. त्यातही ती तिकडच्या कंपनीला ‘लॉक’ केलेली असेल तर इथले सिम घेतच नाही. डोंगरात त्यापेक्षा इथलाच राउटर, टॉवरच्या दिशेची खिडकी आणि एक मिनी यूपीएस हे जास्त उपयोगी पडते.

दुर्बीण : या भागात परदेशी बिनतारी वस्तूंबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागते. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही दुर्बीण प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ताटल्यांची असून साधारण १५०० मेगाहर्ट्झखालच्या लहरी ऐकते. वायफायचे पट्टे तिच्या वरचे आहेत. पण अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ परवान्याविना वापरता येतो. तिकडचे काही बिनतारी कॅमेरे, बाळावर लक्ष ठेवणारे संच आणि जुने कॉर्डलेस फोन त्यावर चालतात. भारतात ९०० चा पट्टा मोबाइल सेवेकडे आहे आणि तो दुर्बिणीच्या १५०० मेगाहर्ट्झच्या मर्यादेखालीही पडतो. राउटरबरोबर अशा वस्तू आल्या तर त्या बॅगेतच राहिलेल्या बऱ्या. नव्या अमेरिकी कॉर्डलेस फोनची १९२० ते १९३० मेगाहर्ट्झची जागाही इथे मोबाइलचीच आहे.

कायदा : भारतात विकायच्या बिनतारी उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ‘ईटीए’ मान्यता लागते. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या ताटल्यांची गोष्ट राउटरहून वेगळी आहे. स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला तो जून २०२५ मध्ये. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने लोकांना स्टारलिंकच्या सेवेसाठी नोंदणी करू नका असे जाहीर सांगितले होते. परदेशात घेतलेली ताटली सामानातून आणून घरावर लावणे हा मार्ग नव्हे.

तिकडून ‘राउटर आणू का’ असा फोन आला तर आधी दोन फोटो मागवावेत : एक अडॅप्टरच्या पाठीचा आणि एक पेटीच्या मागच्या बाजूचा. पहिल्यावर १००–२४० आणि दुसऱ्यावर ‘वॅन’ लिहिलेली चौकोनी खोबण दिसली, तर ‘आण’ म्हणावे.