म्हातारपण आणि खिन्नता : एका वर्गवारीची गोष्ट

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपली. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातले बरेच डॉक्टरही जवळपास हेच मानीत. म्हातारा माणूस जेवेनासा झाला, भलतेच बोलू लागला, की मेंदू झिजला असे निदान होई आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात. झिजलेला मेंदू सुधारायचा नाही, मग उपचार तरी कशाला करायचे?

या समजुतीला धक्का दिला मार्टिन रॉथ यांनी. १९१७ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेले रॉथ इंग्लंडमध्ये चिचेस्टरच्या ग्रेलिंगवेल मनोरुग्णालयात काम करीत. तेथे दाखल झालेल्या, साठी ओलांडलेल्या ४५० रुग्णांची त्यांनी लक्षणांवरून पाच गटांत विभागणी केली : नैराश्यासारखे भावविकार, उतारवयात जडणारा संशयभ्रम, एकाएकी उद्भवणारा गोंधळ, मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण झाल्याने येणारा ऱ्हास आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंश. मग सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी प्रत्येकाचे काय झाले ते पाहिले.

युक्तिवाद साधा आहे. आजार एकच असेल तर सर्व गटांची गतही सारखीच व्हायला हवी. ती तशी नव्हती. सहा महिन्यांत भावविकाराच्या गटातले निम्म्याहून अधिक रुग्ण बरे होऊन घरी गेले होते; स्मृतिभ्रंशाच्या गटातले निम्म्याहून अधिक मरण पावले होते. हा निबंध १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्याला ना सूक्ष्मदर्शक लागला, ना रसायने. वर्गात प्रयोगाची चर्चा करताना आपण उपकरणांवर फार भर देतो, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

अर्थात सूक्ष्मदर्शकाची पाळी पुढे आलीच. न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्ध रुग्णांच्या हयातीत त्यांच्या स्मरणशक्तीची व रोजच्या व्यवहारांची चाचणी घेतली आणि मृत्यूनंतर मेंदूतले ठिपके मोजले. हे ठिपके अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली वर्णिलेल्या रुग्णाच्या मेंदूतही होते. १९६८ साली निष्कर्ष आला : ठिपके जितके जास्त, तितका ऱ्हास अधिक. नैराश्याच्या रुग्णांत मात्र ते थोडेच होते.

तरीही खिन्न वृद्ध ओळखायचा कसा, हा प्रश्न उरलाच. झोप तुटणे, अंग दुखणे, भूक मंदावणे ही नैराश्याची नेहमीची लक्षणे. पण ती इतर वृद्धांतही आढळतात. म्हणून १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत येसावेज आणि सहकाऱ्यांनी वृद्धांसाठी ३० प्रश्नांची यादी केली, तेव्हा तीतून हे शारीरिक प्रश्न गाळले. उरले ते साधे, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर उत्तर देता येणारे : आयुष्य रिकामे वाटते का? कंटाळा येतो का? बाहेर पडण्यापेक्षा घरीच बसावेसे वाटते का?