रोव्हर्स चषक आणि मोसमापूर्वींचे सामने



मृग लागण्यापूर्वीं आपल्या चांद्याकडचा कुणबी नांगर-वखर बाहेर काढतो, ढिला झालेला सांधा ठोकतो आणि बैल जुंपून दोन तास मारून पाहतो. घुग्घुससारख्या कोळशाच्या खाणींच्या गांवीं राहणाऱ्यांना तर हें सांगावयासच नको कीं, बरेच दिवस उभें राहिलेलें यंत्र एकदम पुऱ्या भारावर घालीत नाहींत. आधीं तें रिकामें फिरवून त्याचा आवाज ऐकतात. धंदेवाईक फुटबॉल-क्लबांच्या मोसमापूर्वींच्या स्नेहसामन्यांचें बीज इतक्याच साध्या व्यवहारांत आहे. सुटीवरून आलेल्या खेळाडूंचा दम वाढवावयाचा, नवा गडी जुन्यांत मिसळतो कीं नाहीं तें पाहावयाचें, आणि हार झाली तरी लीगच्या गुणांत तिची नोंद होऊं द्यावयाची नाहीं, असा हा तिहेरी हिशेब. चौथा हिशेब तिकिटांच्या पैशांचा. तो उघड बोलून दाखविण्याची चाल नाहीं.

स्पेनमध्यें या हिशेबाला उत्सवाचें रूप आलें. काडिझ शहरांत १९५५ पासून रामोन द कारान्सा चषकाचे सामने उन्हाळ्यांत होऊं लागले. बार्सिलोना क्लबानें आपला संस्थापक जोआन गाम्पर याच्या स्मरणार्थ १९६६ मध्यें असाच चषक सुरू केला. त्यांत प्रथम चार संघ खेळत. पुढें तो एका सामन्यापुरताच उरला. या देशांत लीग हें मुख्य अन्न आणि हे चषक म्हणजे जेवणापूर्वींचें आचमन, असा क्रम आरंभापासूनच ठरलेला होता.

आपल्याकडे मात्र क्रम उलटा लागला. अखिल भारतीय लीग १९९६ मध्यें सुरू झाली. चषक त्याच्या शंभर वर्षें आधींपासून चालू होते. त्यामुळें चषक हाच येथें खरा मोसम होता. परराष्ट्र-सचिव मॉर्टिमर ड्युरँड यांच्या नांवाचा चषक १८८८ मध्यें सिमल्यास निघाला आणि मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ मध्यें. रोव्हर्सचा पहिला विजेता वुस्टरशायर पलटणीचा संघ. पुढेंहि पुष्कळ वर्षें चषक एका गोऱ्या पलटणीच्या छावणींतून दुसरीच्या छावणींत जात राहिला. मुंबईकर नुसता कडेला उभा राहून पाही. १९२३ मध्यें कलकत्त्याचा मोहन बागान संघ मुंबईस येऊन अंतिम सामन्यापर्यंत पोंचला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून एकास चार गोलांनीं हरला. त्या पराभवाला मी विजयाइतकेंच महत्त्व देतों, कारण दार त्यामुळेंच किलकिलें झालें. तें पुरतें उघडलें १९३७ सालीं. त्या वर्षीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें चषक जिंकला, आणि लगेच पुढल्या वर्षींहि तोच संघ विजयी झाला. १९४० मध्यें कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगनें रोव्हर्सहि घेतला आणि दिल्लींत एका ब्रिटिश पलटणीला हरवून ड्युरँडहि घेतला.

स्वातंत्र्यानंतर कूपरेजच्या मैदानाला खरा बहर आला. हैदराबाद सिटी पोलिसांनीं १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें हा चषक दुसऱ्या कोणास मिळूं दिला नाहीं. त्यांचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम. याच रहीमसाहेबांच्या हाताखालीं हिंदी संघ १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें चौथा आला आणि १९६२ मध्यें जाकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक घेऊन परतला. त्या काळीं नांवाजलेल्या संघाची परीक्षा कूपरेजवर होई, आणि ती परीक्षा रंगीत तालीम खचित नव्हती.

मग हा चषक थांबला कां? २०००-०१ मध्यें मोहन बागाननें तो जिंकला आणि तेथेंच ही परंपरा तुटली. राष्ट्रीय लीग आल्यावर क्लबांचे महिने तिच्या प्रवासांत आणि सामन्यांत जाऊं लागले. त्यांच्या खेळाडूंना दुसऱ्या शहरांत आठवडे बसवून ठेवणें परवडेना. ही अडचण ड्युरँडलाहि होती. तथापि ड्युरँडच्या पाठीशीं सैन्यदलें उभीं होतीं, रोव्हर्सच्या मागें तसें बळ नव्हतें. मुंबईचे कंपन्यांचे संघहि एकामागून एक विरत गेले. ड्युरँड १९९८, २००१ आणि २००८ असा तीनदां जिंकणारा महिंद्रचा संघ २०१० मध्यें बंद झाला, तेव्हां अनेकांना घरचें माणूस गेल्यासारखें वाटलें.

ड्युरँडनें मात्र आपली पायरी स्वतःच उतरून घेतली. २०१४ मध्यें इंडियन सुपर लीग निघाली आणि कालांतरानें हा जुना चषक तिच्या मोसमाच्या तोंडाशीं येऊन बसला. २०१९ पासून तो कलकत्त्याकडे गेला. २०२२ मध्यें त्यांत वीस संघ उतरले. सुपर लीगचे अकराच्या अकरा क्लब होते, आणि सैन्यदलांचे चार. आशियांतील सर्वांत जुन्या चषकाला लीगच्या देवडीवर बसावें लागलें, याचें कांहीं जुन्या रसिकांना दुःख होतें. मला तें तितकेंसें पटत नाहीं. कपाटांत ठेवलेल्या चांदीला गंज चढत नाहीं हें खरें, पण तिच्यासाठीं कोणी धांवतहि नाहीं. मुंबईला ही तडजोड करण्याची पाळीच आली नाहीं, कारण तोंवर रोव्हर्स उरलाच नव्हता.

म्हणून मुंबई सिटी या आपल्या क्लबाला मोसमापूर्वींची कसोटी द्यावयास कलकत्त्यास जावें लागलें. १८ सप्टेंबर २०२२ रोजीं सॉल्ट लेक मैदानावर ड्युरँडच्या अंतिम सामन्यांत बंगळूरूनें त्याला एकास दोन गोलांनीं हरविलें. तीन आठवड्यांच्या आंतच, ७ ऑक्टोबरला, लीगचा मोसम उघडला. मुंबईचा क्लब त्या मोसमांत लागोपाठ अठरा सामने अजिंक्य राहिला आणि लीगची ढाल त्यानेंच नेली.