पाव चमच्याचं गणित

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दीड वर्षाची नात रात्रभर खोकत होती. सुनेनं संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली बाटली मी दिव्याखाली धरली. खोक्यावर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत एक ओळ होती : चार वर्षांखालील मुलांना देऊ नये.

मी सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, ''अब्बा, दुकानदार म्हणाला, लहान आहे ना, मग पाव चमचाच द्या.'' बाटली फडताळात गेली आणि ती रात्र आम्ही दोघांनी आळीपाळीनं तिला खांद्यावर घेऊन काढली. पण तो 'पाव चमचा' माझ्या डोक्यातून जाईना. हा हिशेब पहिल्यांदा मांडला कुणी?

हिशेब बराच जुना निघाला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये डॉक्टर थॉमस यंग यांच्या नावानं एक सूत्र रूढ झालं. मुलाच्या वयाला वयात बारा मिळवून भागायचं आणि येईल तेवढा हिस्सा मोठ्यांच्या डोसातून काढून द्यायचा. चार वर्षांचं मूल असेल तर चार भागिले सोळा, म्हणजे बरोबर पाव! प्रकाश लाटांसारखा वागतो हे प्रयोगानं दाखवणारे यंग ते हेच. माणूस अफाट बुद्धीचा, पण हे सूत्र म्हणजे बापाचा सदरा कापून मुलाला बेतण्यासारखं आहे. शिंपीसुद्धा निदान मुलाचं माप घेतो.

पुढं १९७२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या सगळ्या औषधांची तपासणी हाती घेतली. सर्दी-खोकल्याच्या औषधांसाठी नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल १९७६ साली प्रसिद्ध झाला. मुलांवर केलेले अभ्यास जवळजवळ नव्हतेच. मग समितीनंही जुनाच मार्ग धरला. सहा ते बारा वर्षांना मोठ्यांच्या निम्मं आणि दोन ते सहा वर्षांना पाव. दोन वर्षांखाली मात्र तिनं आकडा दिला नाही. तिथं फक्त 'डॉक्टरांना विचारा' असं छापायचं होतं.

ती रिकामी जागा मला सगळ्यात बोलकी वाटते. कारण दुकानात काय विकलं जात होतं? 'तान्ह्या बाळांचे थेंब'. खोक्यावर बाळाचं चित्र आणि आत थेंब मोजायची नळी. चित्र सांगत होतं की द्या, आणि बारीक अक्षरं सांगत होती की विचारा. मध्यरात्री दोन वाजता, मूल रडत असताना, कुठली आई बारीक अक्षरं वाचत बसेल?

या औषधांचा खप मूल बरं होतं म्हणून नव्हता, ते झोपतं म्हणून होता, असं मला वाटतं. हेही जुनंच आहे. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत दात येणाऱ्या बाळांसाठी 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' घरोघरी असे आणि त्यात मॉर्फिन होतं. १९०६ च्या कायद्यानं ते लेबलवर लिहिणं भाग पडलं. आपल्याकडं मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी चाटवत. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. दहा-दहा तास यंत्रापुढं उभं राहायचं आणि घरी मूल सांभाळायला कुणी नाही.

आता बाल्टिमोरकडं वळू. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं एक अहवाल काढला. २००४ आणि २००५ या दोन वर्षांत सर्दी-खोकल्याच्या औषधांच्या त्रासानं दोन वर्षांखालची अंदाजे १,५१९ मुलं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आणावी लागली होती. २००५ मध्ये तीन बाळं दगावली होती. त्यांतलं एकही सहा महिन्यांहून मोठं नव्हतं. तिघांच्याही रक्तात नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रीन भरपूर प्रमाणात सापडलं.

बाल्टिमोर शहराचे आरोग्य आयुक्त जोशुआ शार्फस्टीन स्वतः बालरोगतज्ज्ञ. त्यांनी काही सहकारी डॉक्टरांना बरोबर घेऊन मार्च २००७ मध्ये औषध प्रशासनाकडं अर्ज केला. त्याचा आशय साधा होता. ही औषधं लहान मुलांत गुण देतात याचा पुरावा नाही आणि अपाय करतात याचा आहे. थोडेफार अभ्यास झाले होते, त्यांत ही औषधं आणि नुसतं गोड पाणी यांत फारसा फरक दिसला नव्हता. शिवाय बाळाचं यकृत अजून तयार होत असतं, ते औषध मोठ्यांच्या वेगानं पचवत नाही. आणि छातीत धडधडतंय हे बाळ सांगणार कसं?

ऑक्टोबरात तज्ज्ञांची बैठक ठरली. तिच्या आदल्याच आठवड्यात कंपन्यांनी तान्ह्या बाळांची औषधं आपणहून दुकानांतून काढून घेतली. बैठकीत सहा वर्षांखाली ही औषधं देऊच नयेत या बाजूनं तेरा मतं पडली, विरोधात नऊ. जानेवारी २००८ मध्ये प्रशासनानं दोन वर्षांखाली देऊ नका असं बजावलं आणि त्याच ऑक्टोबरात कंपन्यांनी लेबलवर चार वर्षांची मर्यादा छापायचं मान्य केलं. ब्रिटननं २००९ मध्ये ती सहावर नेली. दोन, चार की सहा, हा घोळ पाहून हसू येतं खरं. पण बाळांची औषधं दुकानांतून गेल्यावर त्यांच्यामुळं रुग्णालयात येणारी दोन वर्षांखालची मुलं निम्म्याहून कमी झाली. मोठ्या भावंडांच्या बाबतीत तसं झालं नाही. त्यांतली बरीचशी स्वतःच बाटली उघडून पिणारी, त्यांना लेबल काय अडवणार!

आपल्याकडं ती ओळ यायला डिसेंबर २०२३ उजाडला. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखाली वापरू नये, असं छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी दिला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, २०२५ मध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपनं वीसहून जास्त मुलं गेली. बरीचशी पाच वर्षांखालची. काहींनी नागपुरातल्या रुग्णालयांत शेवटचा श्वास घेतला. मारलं ते डायइथिलीन ग्लायकॉल या भेसळीच्या विषानं, तो गुन्हा वेगळा. पण सिरपमधली मूळ औषधं त्याच जोडीची होती. ऑक्टोबरात सरकारनं डॉक्टरांना कळवलं की दोन वर्षांखाली खोकल्याची औषधं लिहूच नका, आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत.

आमच्या नातीचा खोकला आठवड्यात गेला. माझी नानी अशा वेळी मधाचं बोट चाटवायची. मी मधाची बाटली काढली, तेव्हा सुनेनं आधी बोटांवर महिने मोजले. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. मला नव्हतं.