आत्महत्या : मोहल्ल्यात कुजबुज, पेपरात आकडा

अनसिंगसारख्या गावात कुणी आत्महत्या केली तर बातमी तासाभरात घरोघरी पोहोचते, पण तो शब्द मोठ्यानं कुणी उच्चारत नाही. "अटॅक आला", "अचानक इंतकाल झाला" एवढंच सांगितलं जातं. दफन झालं की गावापुरता विषय संपतो. ज्या घरात घडलं त्या घरात मात्र तो वर्षानुवर्षं राहतो, आणि त्यांच्याशी त्यावर बोलायला कुणी जात नाही.

आपल्या भागात या विषयाला तोंड फुटलं ते शेतकऱ्यांमुळे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी कुटुंबासह जीवन संपवलं. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. अंबाजोगाईचे अमर हबीब आणि त्यांचं किसानपुत्र आंदोलन दरवर्षी 19 मार्चला अन्नत्याग करतात. चार लोकांनी एकत्र बसून या दुःखावर उघड बोलावं, असा तो एक दिवस.

2006 मध्ये पंतप्रधान पॅकेज आलं, त्यातल्या सहा जिल्ह्यांत वाशिमही होता. राज्य सरकारनं एक लाखाची मदत ठेवली आणि त्याबरोबर 'पात्र' आणि 'अपात्र' हे दोन शब्द आले. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचं, वसुलीचा तगादा होता का, हे विचारलं जातं. माणूस आतून कधीपासून खचला होता, हे त्या कागदात येत नाही.

आता आकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यातल्या 22,746 महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. देशभरात शेतकरी आणि शेतमजूर मिळून 11,290, विद्यार्थी 13,044 आणि गृहिणी 25,309. गृहिणींचा आकडा शेतीवाल्यांच्या दुपटीहून मोठा आहे. त्यांच्यासाठी ना मोर्चा निघतो, ना पॅकेज येतं. (शेतात राबणारी बाईसुद्धा जमीन नावावर नसली की 'गृहिणी' म्हणूनच नोंदली जाते, हे वेगळंच.)

पेपर आणि चॅनेल दोन टोकांवर असतात. एक तर गप्प, नाहीतर भडक. प्रेस कौन्सिलनं 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर नियम दिले : बातमी ठळक जागी छापू नये, पद्धत आणि जागा सांगू नये, फोटो, व्हिडिओ देऊ नये. कारण अशा बातम्यांतून आधीच खचलेला माणूस तोच रस्ता धरण्याचा धोका वाढतो. 'नापास झाल्याने आत्महत्या' हा मथळा तर आम्हा शिक्षकांना दर निकालाला टोचतो. कारण कधीच एकटं नसतं, पण वाचणारं पोर तेवढंच लक्षात ठेवतं. आणि आता व्हॉट्सॲपवर फोटो पुढे ढकलणारे आपणही पत्रकारच झालो आहोत, नियम आपल्यालाही लागू समजावेत.

न बोलण्यामागे पोलिसांची भीती असते. पूर्वी कलम 309 नुसार प्रयत्न करणं हाच गुन्हा होता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असं धरून तिला शिक्षेपासून वाचवलं आणि उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत 309 राहिलंच नाही. प्रवृत्त करणं हा गुन्हा कायम आहे. म्हणून जीव वाचलेल्या माणसाबद्दल डॉक्टरशी खोटं बोलू नका. उपचार चुकतो.

दुसरी भीती दीनची. खुदकुशी हराम आहे, यात वाद नाही. पण तेवढंच सांगून घरच्यांना वाळीत टाकणं कुठून आलं? बहुसंख्य उलमांच्या मते अशा मय्यतीची जनाजाची नमाज होते. आजाराला कंटाळून जीव दिलेल्या एका मुहाजिरासाठी पैगंबर (सल्ल.) यांनी मगफिरतची दुआ केल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. जुम्याच्या बयानात हराम सांगताना हेही सांगितलं, तर खचलेला माणूस इमामसाहेबांकडे यायला धजेल.

"विचारलं तर डोक्यात कल्पना शिरेल," असं मोठी माणसं म्हणतात. तसं होत नाही. उलट ओझं हलकं होतं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पानं गावातल्याच प्रशिक्षित माणसांकरवी उदासीवर बोलायला सुरुवात केली. दीड वर्षात उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या उदासीग्रस्तांचं प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेलं आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आलं.

झोप उडालेली, जेवण सुटलेलं, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं बोलणं, जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकणं. असं दिसलं तर बाजूला बसवून सरळ विचारा : "जीव द्यावासा वाटतो का?" उत्तर हो आलं तर रागावू नका, कसम घालू नका, एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवा. आशाताईंना सांगा किंवा सरकारी दवाखान्यात न्या. टेली-मानसचा 14416 हा नंबर दिवसरात्र, फुकट चालतो, मराठीत बोलता येतं. राज्य सरकारचा 104 हाही आहे. दोन्ही नंबर शाळेच्या आणि मशिदीच्या फलकावर लिहायला खडूचा एक तुकडा पुरतो.