धरनईची 'असली' वीज

बिहारमध्ये जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचं एक गाव आहे. वस्ती साधारण अडीच हजार. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली लाईन जी गेली, ती पुढे तीसेक वर्षं आलीच नाही! रॉकेलचे दिवे, आणि ज्याला परवडेल त्याला डिझेल जनरेटर, असा सगळा कारभार.

जुलै २०१४ मध्ये ग्रीनपीस, बेसिक्स आणि सीड ह्या संस्थांनी मिळून तिथे १०० किलोवॉटची सौर मायक्रोग्रिड उभारली. म्हणजे गावाचं स्वतःचं छोटंसं वीजमंडळच म्हणा ना. ७० किलोवॉट घरं, दुकानं आणि सार्वजनिक जागांसाठी, उरलेले ३० शेतीच्या पंपांसाठी. साडेचारशे घरं, ६० पथदिवे, दोन शाळा, एक आरोग्य केंद्र. देशभर कौतुक झालं.

आणि मग गंमत झाली. ऑगस्टमध्ये माजी मुख्यमंत्री नितीश कुमार उद्घाटनाला आले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्यासमोरच घोषणा दिल्या: आम्हाला असली वीज हवी, नकली नको! थोड्याच दिवसांत गावात सरकारी ट्रान्सफॉर्मर बसला.

वाचून वाटतं, काय कृतघ्न लोक आहेत! पण जरा हिशोब करून बघा. ७० किलोवॉट भागिले ४५० घरं, म्हणजे घरटी जेमतेम दीडशे वॉट. तेसुद्धा दुकानं, शाळा, पथदिवे बाजूला ठेवून. आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सरच ५०० वॉट खातो. फ्रिज लावू नका, इस्त्री लावू नका, असं सांगणारी वीज आपण तरी 'असली' मानली असती का? शिवाय सौर विजेचा दर सरकारी विजेच्या जवळपास तिप्पट.

खरं तर पथदिवा आणि शाळा ह्यांच्यासाठी अशी योजना उत्तम. पथदिव्याची भूक दरवर्षी वाढत नाही. घराची वाढते. आज बल्ब, उद्या टीव्ही, परवा कूलर. पण धरनईत हे सगळं एकाच व्यवस्थेवर होतं. घरं सरकारी लाईनकडे गेली की बिलाचा पैसा आटणार, आणि लेड-ॲसिड बॅटऱ्या तर चार-पाच वर्षांत बदलाव्याच लागतात. झालंही तसंच. बॅटऱ्या संपल्या, दुरुस्ती थांबली. २०२१च्या अखेरीस बातमी आली की सौर केंद्राच्या जागेत आता गुरं बांधतात.

लोक ह्याला सौरऊर्जेचा पराभव म्हणतात. मला नाही पटत. पॅनेल्सनी आपलं काम चोख केलं. चुकलं ते एवढंच की खरी लाईन आली तर पुढे काय, ह्याचं उत्तर कोणाकडे तयार नव्हतं. उत्तर प्रदेशच्या २०१६च्या मिनीग्रिड धोरणात ते लिहिलेलं सापडतं: लाईन आली तर चालकाने वीज ग्रिडला विकावी, नाहीतर प्रकल्प वीज कंपनीला देऊन टाकावा. आपल्या भाषेत, मायग्रेशन प्लॅन!

धरनईला वीज मिळाली, हे मात्र खरं. तीस वर्षं न आलेली लाईन, शंभर किलोवॉटच्या 'नकली' विजेमुळे काही दिवसांत आली. ह्या प्रकल्पाचं सर्वात मोठं यश कदाचित हेच असावं.